उभ्या विमानाचा चार्जर

डॉक्टरांनी माझ्या काउंटरवर तीन चार्जर मांडले. ऑपरेशनची औजारं मांडावीत तसे, एकाशेजारी एक. मग म्हणाले, "बाई, यातला कोणता लावू?"

"एकही नाही."

"अहो, नीट पाहा तरी."

"पाहूनच सांगून राहिली."

माझं दुकान घाट रोडला आहे. बॅटरी विकायची, भरून द्यायची, इन्व्हर्टर बसवायचे. चाळीस वर्षं झाली. आधी नवरा बसायचा, मग मी. चौथी शिकले आहे. आकडे वाचता येतात, बॅटरीला तेवढं पुरतं. ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या, बँडवाल्यांच्या गाडीच्या बॅटऱ्या माझ्याकडे येतात. म्हणून मी आपलं नेहमीसारखं विचारलं, "गाडी कोणती?"

"गाडी नाही. विमान आहे."

मी मान वर केली. सत्तरीच्या पुढचा माणूस. कडक इस्त्रीचा शर्ट, डाव्या कानात ऐकायचं मशीन. चेष्टा करणारा दिसत नव्हता.

"मोठं?"

"दोन माणसं बसतात. तुमच्या दुकानात मावेल. पंख काढले तर."

डॉक्टर डोळ्यांचे. दवाखाना बंद करून बरीच वर्षं झाली होती. हे विमान त्यांनी एका मित्रासोबत घेतलेलं. मित्र मुलाकडे पुण्याला गेला, विमान यांच्याकडे राहिलं. बुटीबोरीच्या पुढे एक खासगी धावपट्टी आहे, तिथल्या शेडमध्ये ते उभं असतं. पावसाळ्यात पट्टी मऊ होते, म्हणून चार महिने जागचं हलत नाही. आता सप्टेंबर संपत आला होता. गवत वाळायला लागलं होतं.

"उडवायचं कधी?" मी विचारलं.

"नोव्हेंबरात. नोव्हेंबर संपला की माझं मेडिकल संपतं."

विमान चालवणाऱ्याची ठरावीक मुदतीनं तब्येत तपासतात. पास झाला तरच उडायची परवानगी. याला ते मेडिकल म्हणतात. डॉक्टरांचा कान उतरत चालला होता. पुढचं मेडिकल द्यायचंच नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं.

"एकदा वर जायचं, खाली यायचं, बास," ते म्हणाले. "पण बॅटरी मेली तर तेही नाही. नवीन बाहेरून मागवावी लागते. तीन महिने लागतात."

म्हणजे असलेलीच बॅटरी नोव्हेंबरपर्यंत जिवंत ठेवायची होती. काम समजलं.

त्यांनी फोनमध्ये बॅटरीचा फोटो दाखवला. चोवीस व्होल्ट. सील्ड. सील्ड म्हणजे वरून पाणी ओतायची सोय नसलेली. आत ॲसिड मोकळं नसतं, चटईत मुरवलेलं असतं. साध्या बॅटरीला झाकणं असतात. आपण उघडून पाहतो, वास घेतो, भरत आली की आत बुडबुड आवाज येतो, मंद आचेवरच्या भातासारखा. सील्ड बॅटरी मुकी. काही सांगत नाही. जास्त भरली तर आतल्या आत वाळते, आणि एकदा वाळली की वाळली.

मग मी एकेक चार्जर बाजूला सारला.

पहिला ट्रकच्या गॅरेजमधून मागून आणलेला. लोखंडी पेटी, वर काटा. "याले थांबता येत नाही. बॅटरी भरली तरी भरतच राहते. जवळ माणूस बसला असंल तर चांगला आहे. महिनाभर एकटा सोडाल तर बॅटरी भाजून ठेवंल."

दुसरा सीताबर्डीच्या ठेल्यावरून घेतलेला, बारा व्होल्टचा. "माडीवर चढाले निम्मी शिडी. पोचणारच नाही."

तिसरा महागाचा, त्यावर 'रिपेअर' लिहिलेलं बटण. डॉक्टरांना तोच आवडलेला दिसत होता.

"यात तर दुरुस्तीसुद्धा होते," ते म्हणाले.

"हौ. जोराचा करंट मारून होते. पाण्याच्या बॅटरीले चालते. सील्डले मारला तर दुरुस्ती नाही, मौत होते. तुमच्या शेडमधल्या कोण्या शहाण्यानं ते बटण दाबलं म्हणजे?"

डॉक्टर हसले. "मग?"

"बॅटरी काढा अन् माह्याकडे आणून ठेवा. उडायच्या दिवशी घेऊन जा."

यावर त्यांनी कोणाला तरी फोन लावला. कानामुळे स्पीकरवर. पलीकडे तायडे मॅडम होत्या. विमानाच्या इंजिनिअर. त्यांची सही असल्याशिवाय विमान उडत नाही.

"आजी, ती बॅटरी मागच्या सीटमागे आहे," मॅडम म्हणाल्या. "काढायची तर पॅनल उघडायचं, नोंद करायची, परत बसवायची, तपासायची, परत नोंद. प्रत्येक वेळी माझी सही. मी महिन्यातून एकदाच येते. माझ्याशिवाय तिथल्या एका स्क्रूलाही कोणी हात लावायचा नाही. चार्जरसाठी मी एक वायर बाहेर काढून दिलीये, मंजुरी घेऊन. तुम्ही फक्त चार्जर सांगा. कागद मी बघीन."

बाई मला आवडली.

पुढच्या आठवड्यात मी विमान पाहायला गेले. न पाहता मी ट्रॅक्टरचीसुद्धा बॅटरी देत नाही.

बुटीबोरीच्या कारखान्यांची धुराडी मागे पडली की रस्ता एकदम रिकामा होतो. कापूस, मग तूर, मग नुसतं गवत. गवताच्या मधोमध टिनाची शेड. आत पाऊल टाकलं तर डोळ्यांना काहीच दिसेना. उभी राहिले. हळूहळू एक पांढरं काहीतरी पुढे आलं. विमान कापडात गुंडाळलेलं होतं, नाकापासून शेपटीपर्यंत. टिनाला जागोजागी खिळ्यांची भोकं पडली होती आणि त्यांतून उन्हाचे ठिपके त्या कापडावर पडले होते. बाहेर ढग सरकले की ठिपके मिटायचे, मग पुन्हा उमटायचे. त्यामुळे उभं विमान कुठल्या तरी झाडांखालून सावकाश चाललंय असं वाटत होतं. कबुतरं होती, पण ती बोलत नव्हती. वर एक पंखा फिरत होता, आणि त्याचाच काय तो आवाज.

शेडचा चौकीदार शामराव. साठीचा, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. त्यानं कापड काढलं. मी पंखावर तळहात टेकवला, तर सगळं विमान चाकांवर हललं. पत्रा माझ्या दुकानाच्या शटरपेक्षा पातळ.

"हे उडते?" मी विचारलं.

"उडते ना बाई. मीबी पयल्यांदा असंच इचारलं होतं."

आत पॅनलवर एक घड्याळ टिकटिकत होतं. चार महिने कोणी आत बसलं नव्हतं, तरी वेळ बरोबर होती.

"ते बंद होत नाही," डॉक्टर म्हणाले. "थेट बॅटरीवर आहे."

मी मीटर लावला. घड्याळ फार थोडा करंट खात होतं. पण दिवसरात्र खात होतं, आणि बॅटरी लहानशी. पावसाळ्यात मॅडमनी एकदा भरून दिली होती, म्हणूनच अजून तगली होती. उभ्या विमानाची बॅटरी अशी मरते. कोणी मारत नाही. थेंब थेंब जाते.

आता चार्जर कसा हवा ते स्पष्ट झालं. चोवीस व्होल्टचा. सावकाश भरणारा. भरली की आपणहून जोर कमी करून सत्तावीस व्होल्टच्या आसपास धरून ठेवणारा. यापेक्षा कमी झालं तर बॅटरी उतरते, जास्त झालं तर वाळते. घड्याळानं घेतलेला थेंब परत द्यायचा, वर एक थेंबही नाही. रिपेअरचं बटण नको.

डीलरकडून मी असे दोन मागवले. एक चकचकीत, समोर स्क्रीन, त्यावर आकडे. दुसरा काळा ठोकळा, दोन दिवे, बटण एकही नाही, वीट दिसते तसा दिसायचा. दोन्ही माझ्या चार्जिंगच्या बाकावर चार चार दिवस लावून ठेवले. दोन्ही पास. स्क्रीनवाला तर सत्तावीसवरून हललाच नाही.

मी स्क्रीनवाला निवडला. कारण साधं. आकडा दिसतो, शामराव फोनवर वाचून सांगू शकतो. विटेचा काय वाचणार? मॅडमनी कागद पाहिले, हो म्हणाल्या. चार्जर लागला. पहिल्या संध्याकाळी शामरावचा फोन आला, "बाई, सत्ताईस हाय."

"ठीक. आता रोज फोन करू नको. दिवा लागलेला आहे एवढं पाहत जाय."

हे मी म्हटलं. लक्षात ठेवा.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा. दुपारी दुकानात फोन वाजला. तायडे मॅडम.

"आजी, तुमच्या बॅटरीवर बावीस पॉइंट नऊ आहे."

भरलेली असली तर पंचवीसच्या बरीच वर दिसते. चोवीसच्या खाली म्हणजे रिकामी. बावीस पॉइंट नऊ म्हणजे रिकामी होऊन वर काही दिवस तशीच पडलेली. बॅटरीला रिकामं पडून राहणं सगळ्यात वाईट. आतल्या प्लेटांवर साखरेसारखा थर बसतो आणि मग तिच्यात पहिल्याएवढं मावत नाही.

मी मीटर घेतला आणि निघाले.

शेडमध्ये डॉक्टर घडीच्या खुर्चीवर बसले होते. मॅडम उभ्या. तिशी-पस्तिशीची बाई, केस करकचून बांधलेले, हात माझ्यासारखे काळे. शामराव खांबाला टेकलेला.

"दिवा बंद होता काय रे?" मी त्याला विचारलं.

"नाई ना बाई! लुकलुक करत होता. मी रोज पाह्यलं. लुकलुकते म्हणजे चालू हाय ना?"

मी चार्जर पाहिला. बटण दाबलं. स्क्रीन उजळली, भरायला सुरुवात झाली. आकडा चढायला लागला. चार्जरला काही झालेलं नव्हतं. वायर चांगली होती. घड्याळ पहिल्याएवढंच खात होतं. मग बॅटरी रिकामी झाली कशी?

डॉक्टर म्हणाले, "ट्रकची बॅटरी लावून जम्प दिला तर? इंजिन एकदा सुरू झालं की पुढं तेच चार्ज करतं."

"नाही सर," मॅडम म्हणाल्या.

"वीस मिनिटांचा प्रश्न आहे, तायडे."

"वर गेल्यावर इंजिनवर वीज बनवणारा अल्टरनेटर बंद पडला तर रेडिओ कशावर चालणार? ही बॅटरी नुसती स्टार्ट करायला नसते. वर ती एकटीच उरते."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांची बाजू घेईन असं वाटलं असावं.

"ट्रक बंद पडला तर कडेले लावता," मी म्हटलं. "हे कोठी लावसान?"

त्यांनी कानातलं मशीन काढलं, रुमालानं पुसलं, परत घातलं.

मॅडमनी हिशोब सांगितला. बॅटरीची टेस्ट घेणार. लोड बॉक्स लावायचा. त्यात गुंडाळलेल्या तारा असतात, हीटरसारख्या, त्या ठरावीक वेगानं बॅटरी खातात. नवी बॅटरी एक तास टिकते. ही एकावन्न मिनिटं टिकली तर सही. पन्नास टिकली तर नाही.

"आजी, मी कोणासाठी मिनिट वाढवत नाही."

"कोणी म्हटलं वाढव म्हणून?"

ते दोघं बुटीबोरीला जेवायला गेले. मी गेले नाही. चार्जरनं असं का केलं ते कळल्याशिवाय मला घास गेला नसता. शामरावनं खाट टाकून दिली. मी विमानाच्या पंखाखाली बसले, समोर चार्जर. स्क्रीनवर आकडा चढत होता. बाहेर ऊन पिवळं पडलं होतं. गवताचा वास येत होता. उन्हाचे ते ठिपके माझ्या लुगड्यावर आले, गुडघ्यावरून सरकले, खाली उतरले. पंखा फिरत होता. मी आडवी झाले.

मला स्वप्नं पडत नाहीत. पडली तरी मी सांगत बसत नाही. हे सांगते, कारण त्याचा कामाशी संबंध आहे. मी दुकानात होते. पण दुकानाला भिंती नव्हत्या आणि बाक धावपट्टीएवढा लांब झाला होता. त्यावर बॅटऱ्याच बॅटऱ्या, सगळ्या उघड्या झाकणांच्या, सगळ्या बुडबुडत होत्या. मी एकेकीत डोकावत चालले होते. पाणी बरोबर, रंग बरोबर. लांब कुठे तरी नवरा उभा होता, मला पाठमोरा, त्याच्या हातात चहाचा कप. एकदम सगळ्या बॅटऱ्या गप्प झाल्या. एकही बुडबुडेना. मला घाम फुटला.

जाग आली तर खरंच घाम आला होता. वरचा पंखा थांबला होता.

"लाईन गेली," शामराव दारातून म्हणाला. "रोजच जाते. शेतीच्या लाईनवर हाओ आपण. येईल."

मी तशीच पडून राहिले. चार्जरची स्क्रीन मंद झाली होती. कोपऱ्यात एक छोटा दिवा लुकलुकत होता. मी त्याच्याकडे पाहत राहिले. विमान माझ्यावर पंख धरून उभं होतं. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग डोक्यावर खर्र झालं. पंखा हलला, एक फेरा, दोन फेरे, फिरायला लागला. वारा आला.

चार्जर लुकलुकतच होता.

मी उठून बसले. पंखा आपणहून सुरू झाला, चार्जर झाला नाही. तो वाट पाहत होता. कोणी तरी येऊन आपलं बटण दाबेल याची.

मी चार्जर आणि बॅटरीच्या मध्ये मीटर लावला. आणि मग उरलेलंही कळलं. लाईन नसताना, आणि लाईन आल्यावरही बटणाची वाट पाहताना, तो दिवा, ती मंद स्क्रीन चालत होती कशावर? बॅटरीवर. घड्याळ खात होतं त्याच्या दुप्पट हा खात होता. ज्याला बॅटरी सांभाळायला बसवलं, तो तीन आठवडे तिचंच पीत बसला होता. पहिल्याच दिवशी शामरावचा फोन झाल्यावर लाईन गेली असणार, आणि तेव्हापासून.

मग माझ्या दुकानात चार दिवस असं का झालं नाही?

कारण माझ्या दुकानात लाईन जात नाही. म्हणजे जाते, पण मला कळत नाही. सगळा बाक इन्व्हर्टरवर आहे, मीच बसवलेल्या. गावात लाईन जाते म्हणून माझं पोट भरतं. आयुष्यभर लोकांना मी तेच सांगत आले, बाप्पा, लाईनचा भरवसा नाही. आणि चार्जर पारखताना तो भरवसा मीच धरून बसले.

डॉक्टर आणि मॅडम परत आले तेव्हा मी उभी होते.

"चूक माही आहे," मी म्हटलं, आणि पंख्यापासून दिव्यापर्यंत सगळं सांगितलं.

मॅडमनी स्वतः प्लग काढून पाहिला, लावून पाहिला. चार्जर लुकलुकत राहिला. त्या म्हणाल्या, "कागदावर हे कुठेच नव्हतं. नाही तर मी—"

"कागदावर नव्हतं. पण डोक्यात तर पाहिजे होतं ना? माह्या."

शामराव म्हणाला, "मले वाटलं लुकलुकते म्हणजे—"

"तुले काहून बोलू? मीच म्हटलं, दिवा पाह्य म्हणून. तू पाह्यला."

डॉक्टरांनी विमानाच्या नाकावर हात ठेवला. मग मॅडमना विचारलं, "काढायची का?"

त्या दिवशी बॅटरी निघाली. मॅडमच्या सहीसकट माझ्या दुकानात आली.

मी ती भरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी बाकावर लोड बॉक्स लावला. बॉक्समधल्या तारा हळूहळू लाल झाल्या. व्होल्ट वीसच्या खाली उतरले की संपलं, घड्याळ पाहायचं. चव्वेचाळीस मिनिटं.

नापास. डॉक्टर स्टुलावर बसले होते. त्यांना आकडा ऐकू गेला नाही, मॅडमनी कागदावर लिहून दाखवला.

मॅडमकडे बॅटरीच्या कंपनीचं पुस्तक होतं. त्यांनी पान काढलं. रिकामी पडून राहिलेल्या बॅटरीसाठी शेवटचा उपाय त्यात होता. ठरावीक लहान करंट लावायचा, तो बदलू द्यायचा नाही, आणि भरली असं वाटलं तरी थांबायचं नाही. व्होल्ट चढायचे थांबले आणि तीन वेळा, तासातासानं, एकच आकडा आला, तेव्हा बंद करायचं. स्क्रीनवाला असलं काही करत नाही. वीटही नाही. त्यांना वाटतं भरली, म्हणजे झालं.

"यासाठी वेगळी मशीन लागते," मॅडम म्हणाल्या. "ती मुंबईहून—"

"तासातासानं तीनदा एकच आकडा?" मी विचारलं.

"हो."

"पाण्याच्या बॅटरीले आम्ही हेच करतो. चाळीस वर्षांपासून. मशीन तुमच्या मागंच आहे."

मागे माझा जुना चार्जिंगचा बाक होता, करंट हातानं कमी-जास्त करून धरायचा. मॅडमनी आपला मीटर लावून तो खरा आहे का ते तपासलं. तासभर तपासलं. मग म्हणाल्या, "लावा."

हे तुम्ही घरी करायचं नाही. सील्ड बॅटरीला असं भरणं म्हणजे तापल्या तव्यावर हात ठेवून बसणं. दर अर्ध्या तासानं मी तिच्या अंगाला हात लावत होते. कोमट चालेल, गरम नाही. काम लांबत गेलं. रात्री तिला एकटी सोडायची नाही, म्हणून मॅडमना विचारून सकाळी लावायची, दिवेलागणीला काढायची, पुन्हा सकाळी. दोन दिवस दुकानात दुसरं काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी एकच आकडा आला. तासानं तोच. अजून एका तासानं तोच. मी तिला कान लावून पाहिलं. मुकी ती मुकीच.

मग पुन्हा लोड बॉक्स. शटर अर्धं ओढून घेतलं होतं. अंधारलेल्या दुकानात त्या तारा लाल झाल्या आणि त्यांचा उजेड मॅडमच्या गालावर, डॉक्टरांच्या चष्म्यावर पडला. रस्त्यावरचे हॉर्न लांबचे वाटत होते. थंडीची सुरुवात होती, ऊब बरी वाटत होती. वीस मिनिटं. चाळीस. चव्वेचाळीस आलं तेव्हा मी मीटरकडे पाहिलं नाही, बाकाच्या लाकडाकडे पाहिलं. एकावन्नला मी डॉक्टरांकडे हात वर केला, कारण त्यांना ऐकू आलं नसतं. ते उठून उभे राहिले.

"बसा," मॅडम म्हणाल्या. "पूर्ण होऊ द्या."

पंचावन्न मिनिटं टिकली. मॅडमनी ती पुन्हा पूर्ण भरायला लावली, विमानात परत बसवली आणि मगच सही केली.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी मला धावपट्टीवर बोलावलं. दंव पडलं होतं. गवत पांढरं, आणि पट्टी पुढे जाऊन कुठे संपते ते दिसत नव्हतं. शेजारच्या सीटवर दुसरा पायलट बसला, तो मॅडमचा हट्ट. डॉक्टर म्हणाले, "बाई, पुढच्या फेरीला तुम्ही चला."

"मी बॅटरीचं काम घेतलं होतं. उडाचं नाही."

त्यांनी चावी फिरवली. विमानाच्या नाकावरचा पंखा एकदा वळला, दोनदा वळला आणि इंजिननं धरलं. बॅटरीचं काम तिथेच झालं. चार सेकंद.

मग विमान धुक्यात शिरलं. आवाज होता, विमान नव्हतं. मग धुक्याच्या वर निघालं, चकाकलं, लहान झालं, आणि आवाजही गेला. आम्ही तिघं गवतात उभे राहिलो. एवढं शांत झालं की शेडमधल्या कबुतरांच्या पंखांचा आवाज येत होता.

"गेलं," शामराव म्हणाला.

"येईल ना गा."

मॅडम घड्याळ पाहत होत्या. मी आभाळाकडे पाहत होते. तिथे काहीच नव्हतं, निळंसुद्धा अजून नीट झालं नव्हतं. तरी मान दुखेपर्यंत पाहिलं.

पंचवीस मिनिटांनी ते उतरले. डॉक्टर खाली आले तेव्हा कानातलं मशीन त्यांच्या खिशात होतं.

"काढलं काहून?" मी मोठ्यानं विचारलं.

"वर गेल्यावर त्यातून नुसती खरखर येते. सीट थरथरते, पाठीतून नीट ऐकू आलं."

"काय ऐकू आलं?"

"इंजिन. अजून काय?"

मेडिकल संपलं. विमान अजून शेडमध्येच आहे, कापडाखाली. डॉक्टर ते उडवत नाहीत, विकतही नाहीत. पण बॅटरी भरलेली ठेवतात. मी एकदा विचारलं, काहून? म्हणाले, घड्याळ चालू राहायला पाहिजे. वायरीला आता वीट लावली आहे. लाईन जाते, येते, वीट आपली आपण उठते.

माझ्या दुकानातही एक बदल केला. भिंतीवर एक वेगळा बोर्ड बसवला, इन्व्हर्टरवर नाही, थेट लाईनवर. नवीन चार्जर आला की त्यावर लावते. जेवायला जाताना बटण बंद करते, जेवून आले की चालू करते. चार्जर आपणहून कामाला लागला तर विकते, नाही लागला तर डीलरला परत. गिऱ्हाईक म्हणतात, बाई, याला स्क्रीन नाही. मी म्हणते, पंख्यालेही नाही.